राक्षसाच्या काखेतली शिवण

टेलिव्हिजन अजून घरोघरी आला नव्हता आणि अणुस्फोटाच्या चाचण्यांच्या बातम्या रोज पहिल्या पानावर असायच्या, त्या काळातली ही गोष्ट. आमचा स्टुडिओ समुद्रराक्षसाचा सिनेमा काढत होता. कथा सांगायची तर दोन ओळींची. समुद्रात स्फोट होतो, तळाशी लाखो वर्षं झोपलेलं जनावर जागं होतं आणि बंदरावर चालून येतं. मी सहायक दिग्दर्शक होतो. नाव भारदस्त असलं तरी काम निरोप पोचवण्याचं. दिग्दर्शक जे बोलायचे ते सुताराला, लाइटवाल्यांना, रंगाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत जाऊन सांगायचं.

आधी आम्ही राक्षसाची बाहुली करून पाहिली. पडद्यावर ती भिजलेल्या मांजरासारखी दिसली. तेव्हा दिग्दर्शकांनी ठरवलं की राक्षसाच्या कातड्यात माणूस घालायचा. दिग्दर्शक साठीचे होते, कमी बोलायचे, आणि एकदा ठरवलं की ठरवलं.

कातडं शिवायचं काम टेलरबाईंकडे आलं. कपडेपटाच्या त्या प्रमुख. वय चाळिशीच्या आसपास, गळ्यात कायम टेप, तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलणं ओठ मिटून, पण प्रत्येक शब्द नीट ऐकू यायचा. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि त्या, दोघीच घरात. त्यांनी कॅनव्हासचं अस्तर घेतलं, त्यावर स्पंजचा थर, वर रबराचे हाताने कापलेले खवले. पोटाला आकार यावा म्हणून आतून वेताच्या कड्या. पाठीवर बूट बांधतात तशी नाडी, आणि नाडी दिसू नये म्हणून तिच्यावर खवल्यांची पट्टी डिंकासारख्या द्रवाने चिकटवायची. एकदा माणूस आत गेला की बाहेर काढायला वीस मिनिटं लागत. मानेत भोकं होती, तिथून श्वास आणि उजेड.

आत जाणारा माणूस बुटका हवा होता, कारण आमचं बंदर आणखी बुटकं होतं. सुताराने बांधलेल्या क्रेनी माणसाच्या गुडघ्याएवढ्या होत्या, दीपस्तंभ कमरेएवढा. शिवाय त्याला पाण्याखाली बराच वेळ राहता यायला हवं. गोदीवर चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकाच पाणबुड्याचं नाव घेतलं. बुडालेल्या जहाजांतलं सामान वर काढायचं काम तो करायचा. उंची पाच फूट एक इंच, खांदे मात्र दाराच्या चौकटीला लागतील असे. नुकताच दुसऱ्या एका बंदरातून परत आला होता.

मी त्याला माप द्यायला कपडेपटात घेऊन गेलो. टेलरबाईंनी वर पाहिलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हात वर करून उभे राहा."

तो त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मला म्हणाला, "सांगा त्यांना, करतो."

मला वाटलं, बाई संकोची असतील. छाती, कंबर, मांड्या, सगळी मापं अशीच झाली. "त्यांना सांगा, श्वास रोखू नका." "सांगा त्यांना, रोखलेला नाही." "त्यांना सांगा, मग पोट सुटलंय." तो हसला नाही. माझी मात्र पंचाईत झाली, कुणाच्या बाजूने हसावं कळेना.

तिसऱ्या दिवशी सुताराने मला बाजूला घेतलं. "अहो, ती भावंडं आहेत. नाक बघा की दोघांचं."

मी बाईंना सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, "धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी वडील गेले. तार केली होती. आला नाही. नंतरही आला नाही. तेव्हापासून ते माझे कोणी नाहीत."

एकाच दमात 'तो' चा 'ते' झाला होता. आमच्या भाषेत माणसाला दूर सारायला मान देणं पुरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

मी दिग्दर्शकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "काम होतंय ना? मग तुम्ही निरोप पोचवा."

मी पोचवले. दोन महिने दिवसाला तीसचाळीस निरोप. काखेत टोचतंय. टोचणारच, हात खाली आपटू नका म्हणावं. शेपटी उजवीकडे ओढते. शेपटी सरळ आहे, चालणाराच वाकडा आहे. एकदा मी कंटाळून एक निरोप मधल्यामध्ये गिळला, तर बाईंनी लगेच विचारलं, "बोलले काहीतरी. काय म्हणाले?" काखेची तक्रार मात्र त्यांनी मनावर घेतली. तिथली दुहेरी शिवण उसवून एकेरी केली, जाड दोरा काढून बारीक घातला. त्याला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.

बाईंच्या आईला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नसे. एकदा मापांची वही राहिली म्हणून मी ती द्यायला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीपाशी शिवणयंत्र, आणि खुर्चीत आई. तिने मला बसवलं, चहा दिला आणि लेकीकडे न बघता मला विचारलं, "राक्षस कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"जेवतो का वेळेवर?"

"आई," बाई म्हणाल्या.

"मी राक्षसाबद्दल विचारतेय," आई म्हणाली. "सिनेमाबद्दल विचारायचं नाही का?"

शूटिंग टाकीत चालायचं. सिमेंटची मोठी उथळ टाकी, पाणी कमरेएवढं, मागे कापडावर रंगवलेलं आभाळ. एका कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा होता, राक्षस बुडायचा तो तिथे. कॅमेरा नेहमीच्या तिप्पट वेगाने चालवायचे, म्हणजे पडद्यावर सगळं संथ आणि अवजड दिसतं. छोटी लाट डोंगराएवढी वाटते. पाणबुड्या काम मन लावून करायचा. क्रेन उचलून फेकताना आधी तिच्याकडे क्षणभर बघायचा, हे काय आहे अशा नजरेने. ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. अडचण एकच होती. स्पंज पाणी प्यायचा. सकाळी कातडं एक माणूस उचलू शकायचा, संध्याकाळी चार जण लागायचे.

खड्ड्यात काही बिनसलं तर खूण ठरली होती: उजवा हात पाण्याबाहेर काढायचा आणि पंजा उघडायचा. ती सगळ्यांना पाठ होती.

राक्षसाच्या मरणाचा शॉट ज्या दिवशी होता, त्या दिवशी सकाळीच बाईंनी मला बोलावलं. "त्यांना सांगा, कालचं कातडं वाळलेलं नाही. आतून ओलं गच्च आहे. उद्यावर ढकला."

मी जाऊन सांगितलं. तो बाकावर बसून पायांना तेल चोळत होता. म्हणाला, "सांगा त्यांना, समुद्रातलं जनावर ओलंच असतं."

मी येऊन सांगितलं. नाडी बांधायला बाई स्वतः आल्या. एरवी मदतनीस बाया बांधायच्या.

तेवढ्यात दिग्दर्शकांनी मला हाक मारली. त्यांना रात्री एक कल्पना सुचली होती. राक्षस बुडतो, सगळं शांत होतं, आणि मग एकदा, शेवटचा, त्याचा उजवा हात वर येतो, पंजा उघडतो, आणि सावकाश पाण्यात जातो. त्यानंतर पाणी पूर्ण सपाट होईपर्यंत कॅमेरा चालू राहणार. "म्हणजे खूण बदलावी लागेल," ते म्हणाले. "त्याला सांगा, काही झालं तर डावा हात. उजवा आता आपला."

मी निघालो. वाटेत लाइटवाल्याने गाठलं, कोपऱ्यातला मोठा दिवा उडाला होता. तो बदलेपर्यंत सुतार आला, दीपस्तंभाचा रंग पाण्यात उतरत होता. मी दीपस्तंभ पाहिला. रंगाऱ्याला बोलावलं. परत आलो तेव्हा पाणबुड्याच्या डोक्यावर राक्षसाचं डोकं चढलेलं होतं, पाठीची पट्टी चिकटवून झाली होती, आणि तो पाण्यात उतरत होता. मी हातात स्टॉपवॉच घेतलं आणि कॅमेऱ्याजवळ माझ्या जागेवर उभा राहिलो. तो निरोप माझ्या डोक्यातून पार गेला होता. याला दुसरं काही कारण नाही. कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

कॅमेरा सुरू झाला. राक्षस दोन पावलं मागे सरला, धक्क्यावर आदळला, एक क्रेन घेऊन खड्ड्यात गेला. बुडबुडे आले. ते कमी झाले. चाळीस सेकंद झाली, पन्नास झाली. आदल्या आठवड्यात तो दोन मिनिटं दहा सेकंद खाली राहिला होता, म्हणून कुणाला काळजी नव्हती.

एक मिनिट पाचला उजवा हात वर आला. पंजा उघडला. बोटं ताठ झाली.

"वा," दिग्दर्शक हळूच म्हणाले. "काय वेळ साधली!"

हात पाण्यात गेला. मीही मान डोलावली. खरंच सुंदर दिसलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की त्याला हे करायला कुणी सांगितलेलंच नाही.

मी तोंड उघडेपर्यंत टाकीत कुणीतरी उतरलं होतं. टेलरबाई. त्यांना जुनी खूण माहीत होती, नवी सांगायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. एप्रनसकट, चपलांसकट, कापड कापायची मोठी कात्री हातात घेऊन त्या कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेल्या. त्यांच्या पायांनी लाटा उठल्या आणि पत्र्याची दोन जहाजं उलटी झाली. दीपस्तंभ त्यांनी हाताने बाजूला केला.

"फ्रेममध्ये कोण आलं?" दिग्दर्शक ओरडले.

"तो अडकलाय!" मी ओरडलो. "साहेब, मी सांगितलंच नाही त्याला! खरंच अडकलाय!"

सुतार आणि दोन लाइटवाले उड्या टाकून धावले. खड्ड्याच्या काठावर बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, पाणी गळ्यापर्यंत. त्यांनी राक्षसाचा हात धरला होता. तिघांनी मिळून ओढलं तरी कातडं हलेना. पाय खड्ड्याच्या तळाशी बसवलेल्या लोखंडी चौकटीत गुंतला होता आणि अंगावर पाणी प्यालेलं वजन. पाठीची नाडी सोडायची म्हणजे वीस मिनिटं. बाईंनी श्वास घेतला, डोकं पाण्याखाली घातलं आणि काखेतली शिवण कापली. नंतर त्यांनी मला सांगितलं की अख्ख्या कातड्यात एका झटक्यात उसवेल अशी तेवढीच जागा होती.

आधी एक हात आला, मग डोकं. राक्षसाच्या काखेतून माणूस बाहेर आला. सुताराने त्याला केसांना धरून वर घेतलं. चेहरा काळानिळा. त्याला धक्क्यावर टाकलं, तशा उरलेल्या क्रेनी मोडल्या. सुतार त्याची पाठ दाबायला लागला. बाईंनी त्याचे गाल थोपटले, मग थोपटणं सोडून चक्क मारलं.

"बुटक्या! श्वास घे! घे म्हणते ना! ऐकू येत नाही? घे!"

मी स्टॉपवॉच बंद केलं नव्हतं. तीन मिनिटं वीस सेकंदांवर त्याने पाणी ओकलं. खोकला. परत ओकला. डोळे उघडले आणि बरगडीला हात लावला. हात लाल झाला.

"ताई," तो म्हणाला, "कात्री लागली."

"लागू दे," बाई म्हणाल्या. मग त्या तिथेच पाण्यात बसल्या आणि रडायला लागल्या. दिग्दर्शक अर्धवट उठलेले होते. दोन महिन्यांच्या सवयीने ते म्हणाले, "कट." तेव्हा कॅमेरामनच्या लक्षात आलं की कॅमेरा अजून चालू आहे.

दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं. बरगडीला सहा टाके. डावा कान कायमचा गेला. तो गेला म्हणजे खोल पाण्यातलं कामही गेलं, कारण कानाचा पडदा फाटलेल्याला गोदीवर कुणी उतरू देत नाही.

तिसऱ्या दिवशी तो आपलं सामान न्यायला स्टुडिओत आला. मी कपडेपटाच्या दारापर्यंत गेलो होतो, मला बाईंशी बोलायचं होतं. आतून आवाज आले म्हणून थांबलो.

"तार मिळाली होती," तो सांगत होता. "सकाळीच मिळाली. घडी करून शर्टात ठेवली, शर्ट वर ठेवला आणि खाली गेलो. संध्याकाळपर्यंत खालीच. चारचारदा उतरलो त्या दिवशी."

"का?"

"वर आलं की बाबा गेलेले असायचे. खाली असलो की काही झालेलं नसायचं. मग दुसरा दिवस उजाडला. मग आठवडा झाला. मग तोंड काय दाखवणार?"

यंत्राचं चाक थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं.

"तू खाली होतास," बाई म्हणाल्या. "मी वरच होते ना रे. मला कुठे खाली जाता येत होतं? आईला धरायचं मीच, माणसांना सांगायचं मीच, सगळं उरकून परत घरी येऊन दार उघडायचं मीच. तुझं ऐकून मला बरं वाटलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"राग आहे अजून."

"असू दे."

"आणि आईला हे सगळं तूच सांगायचंस. मी सांगणार नाही. रविवारी ये. जेवायला ये."

तो बाहेर पडला तेव्हा मी आत गेलो. बाईंना सगळं सांगितलं. बदललेली खूण, दिवा, दीपस्तंभ, विसरलेला निरोप. त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंतही पोचला नसेल. त्याला सांगा. उजव्या बाजूने बोला, डाव्याने ऐकू येत नाही."

मी धावत जाऊन त्याला गाठलं आणि उजव्या बाजूने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं की तो शिवी देईल, किंवा असू द्या म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि फाटकातून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधीही बोलला नाही. दिग्दर्शकांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "त्याला सांगितलंत?" मी हो म्हणालो. पुढच्या सिनेमाला त्यांनी दुसरा सहायक घेतला. ते बरोबरच होतं.

पण हा सिनेमा अजून पुरा व्हायचा होता आणि राक्षसाचं कातडं फाटलं होतं. रीळ धुऊन आलं ते आम्ही पाहिलं. संथ पाण्यात हात वर येतो, जातो, आणि मग एका बाजूने एक प्रचंड बाई येते. जहाजं तिच्या पोटऱ्यांना आपटतात. ती आभाळाएवढी आहे आणि तिला घाई आहे. खोलीत कुणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "हिच्यापुढे आपला राक्षस काहीच नाही." तो तुकडा कापून टाकला. हाताचाही शॉट त्यांनी घेतला नाही. खरा माणूस बुडताना काढलेलं चित्र मी दाखवणार नाही, म्हणाले.

टाकीत पुन्हा कुणाला उतरवलं नाही. शेवट बदलला. फाटलेलं कातडं ट्रकमध्ये घालून खऱ्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं, भरतीच्या रेषेवर पसरलं आणि सकाळच्या उजेडात त्याच्याभोवती माणसं उभी केली. बाईंनी फाटलेली काख शिवायची का विचारलं. दिग्दर्शक नको म्हणाले, जखम राहू दे. लाट यायची, कातडं फुगायचं, लाट जायची, बसायचं. पेपरांनी त्या शेवटाचं फार कौतुक केलं.

सिनेमा लागला त्या आठवड्यात दुपारच्या खेळाला बाईंनी आईला आणलं. रविवार-रविवार करत पाणबुड्या आता आईकडे रोजच जेवायला असायचा. तलावावर पोहायला शिकवायचं काम त्याला मिळालं होतं. त्याने आणि सुताराने मिळून आईला खुर्चीसकट थिएटरच्या पायऱ्या चढवल्या. रांगेत तो, मग आई, मग बाई, मग मी.

राक्षस पहिल्यांदा पाण्यातून वर आला तेव्हा थिएटरभर किंकाळ्या उठल्या. आई पुढे वाकून बघत होती. "चालतो अगदी बापासारखा," ती म्हणाली. आरमाराच्या तोफा सुरू झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती अस्वस्थ झाली. "कशाला आलाय ते कुणी विचारलं का त्याला?" तिने बाईंना विचारलं.

"आई, सिनेमा आहे."

"कळतंय मला."

मग किनारा आला. थिएटर एकदम गप्प झालं. लाट आली, कातडं फुगलं, बसलं. पुढच्या रांगेत एक बाई डोळ्यांना रुमाल लावून रडत होती, चांगली हुंदके देऊन. आईने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका हो," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "रिकामं आहे ते. आत कोणी नाही."

चारी बाजूंनी लोक शू-शू करायला लागले. बाईंनी कपाळाला हात लावला. तो समोर बघत होता. पडद्याच्या उजेडात मला त्याचा फक्त डावा कान दिसत होता.